वाळूत साठवलेलं पाणी, तीन कुलपांची पेटी आणि उकांबानीतली तूर

मुक्काम_नैरोबी

नैरोबीत येऊन सहा वर्षं झाली. एका बांधकाम कंपनीत साइट इंजिनिअर आहे, म्हणजे दिवसभर सिमेंट, सळई आणि शिव्या. आमचा फोरमन मूळचा माकुएनीचा, कांबा समाजाचा. "एकदा गावाला चल, तुला आमचा बंधारा दाखवतो, त्यातल्या चुका काढ," असं दोन वर्षं म्हणत होता. शेवटी सप्टेंबरात गेलो. त्यानंतर आणखी दोनदा जाऊन आलो. तेव्हापासून हा धागा डोक्यात आहे, टंकायचा मुहूर्त आज लागला.

माचाकोस, माकुएनी, किटुई हा कांबांचा मुलूख, त्याला उकांबानी म्हणतात. इथे पावसाचे दोन हंगाम. मार्च ते मे हा 'लांब' पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा 'आखूड' पाऊस. नावं फसवी आहेत, कारण शेतकरी भरवसा ठेवतो तो आखूडवर. मी गेलो तेव्हा तो यायचा होता. फोरमनने नदी म्हणून जे दाखवलं ते पांढऱ्या वाळूचं रुंद पात्र होतं. पाण्याचा टिपूस नाही. मधोमध काटेरी फांद्यांचं छोटं कुंपण. एका बाईने फांद्या बाजूला ओढल्या. आत कमरेएवढा खड्डा आणि तळाला नितळ पाणी. भोपळ्याच्या तुंब्याने ती ते पिवळ्या कॅनमध्ये भरायला लागली.

मी मंगळवेढ्याचा. माझी आजी माण नदीच्या पात्रात अस्साच झिरा खोदायची. पण आजीचा झिरा होळीच्या आसपास आटायचा आणि हा सप्टेंबरअखेरही चालू होता. कारण खाली पन्नासेक पावलांवर बंधारा होता.

बंधारा गाळाने भरला की आपण हळहळतो. इथे तो भरावा म्हणूनच बांधतात. हंगामी नदीत, जिथे खडक वर आलेला असेल तिथे, खडकात पाया घेऊन आडवी भिंत घालायची. पुराबरोबर वाळू येते. जड वाळू भिंतीमागे बसते, हलकी माती पाण्याबरोबर वरून निघून जाते. दोनचार हंगामांत भिंतीच्या माथ्यापर्यंत नुसती वाळू. त्या वाळूच्या फटींत पाणी राहतं, घनफळाच्या साधारण २५ ते ४० टक्के. वरचा हात-दीड हात थर सुकला की खालच्या पाण्याला ऊन लागत नाही, बाष्पीभवन जवळपास थांबतं. उघडं पाणी नसल्यामुळे डास नाहीत, गुरं त्यात बसत नाहीत, आणि वाळूतून गाळून येतं ते वेगळंच. काठावर उथळ विहीर घेऊन तिला हातपंप बसवला की झालं.

ही युक्ती नवी नाही. १९५० च्या दशकात वसाहती सरकारनेही असे बंधारे इथे घातले होते. पण माचाकोसजवळच्या उटूनीत जोशुआ मुकुस्या आणि त्यांच्या गटाने १९७८ च्या सुमारास स्वतःच्या हातांनी बंधारे घालायला घेतले. पुढे किटुईत सासोल या संस्थेबरोबर गावांनी शेकडो बांधले. पद्धत सगळीकडे एकच: जागा गावाने ठरवायची, दगड, वाळू, पाणी, मजुरी गावाची, संस्थेने सिमेंट, सळई आणि एक गवंडी द्यायचा. अशा सामूहिक कामाच्या गटाला कांबा भाषेत म्वेथ्या म्हणतात.

आणि आता मला आवडलेला भाग. १९३० च्या दशकात इंग्रजांनी ठरवलं की इथली जमीन कांबांच्या गुरांनी नासवली. १९३८ साली त्यांनी लोकांची गुरं सक्तीने विकायला काढली. मुइंडी म्बिंगू यांच्या पुढारपणाखाली हजारो लोक नैरोबीत येऊन ठाण मांडून बसले आणि सरकारला सक्ती मागे घ्यावी लागली. ताली, म्हणजे उतारावरचे आडवे बांध, बांधायचीही अशीच सक्ती होती. तेव्हा लोक त्या कामाच्या नावाने बोटं मोडायचे. पुढे सक्ती गेली आणि त्याच लोकांनी, त्यांच्या मुलांनी, म्वेथ्या करून डोंगरच्या डोंगर तालींनी बांधून काढले. माचाकोसची लोकसंख्या १९३० च्या दशकापासून १९९० पर्यंत पाचपटींहून जास्त वाढली आणि तरीही जमिनीची धूप कमी झाली. साहेबाच्या हिशोबाने तिथे आज वाळवंट असायला हवं होतं.

फोरमनच्या आईच्या गटात तेवीस जणी आहेत. बंधारा झाला, पाणी आणायला जे तीनचार तास जायचे ते वाचले, त्या वेळात नदीकाठी भाजी आली (सुकुमा विकी नावाची पालेभाजी, तिच्याशिवाय इथे जेवण नाही), भाजीच्या पैशांतून शेळ्या आल्या. वरच्या तालींवर मका, चवळी आणि तूर. हो, तूर! तिला इथे म्बाझी म्हणतात.

आफ्रिकेतल्या किंवा आपल्याकडच्या अशा कामांचे अनुभव असतील तर लिहा. नुसतं कौतुक नको, इंजिनिअर आहे, चुका काढलेल्या आवडतात.

चहाटळ

वाखूसा (वाचनखूण साठवली). आणि तुम्ही मोठ्या बाईला काय म्हणून हाक मारता तिकडे? ऐकलंय ते खरं का?

मुक्काम_नैरोबी

खरं आहे. आईला 'मामा' म्हणतात. पहिल्या दिवशी फोरमनने "हे माझे मामा" म्हणून ओळख करून दिली आणि मी मिशीवाला माणूस शोधत बसलो.

माणदेशी

राव, मी म्हसवडचा. म्हणजे तुमच्या आजीच्या झिऱ्याचं पाणी आमच्या शिवारावरनं खाली आलेलं. लक्षात ठेवा.

दोन शंका. एक, आमच्याकडं असली भिंत घातली तर वाळू नाही, नुसता काळा गाळ येऊन बसंल. गाळात कसलं पाणी मुरतंय? दोन, तालीची माती तिकडं वरच्या अंगाला टाकतात असं ऐकलंय. आपण चर मारतो तेव्हा माती खालच्या अंगाला. उलटं का?

मुक्काम_नैरोबी

म्हसवडकर, मानलं. दोन्ही शंका नेमक्या आहेत.

वाळूचा बंधारा सगळीकडे चालत नाही. वरच्या खोऱ्यात ग्रॅनाइटसारखा, झिजून जाडी वाळू देणारा खडक लागतो. उकांबानीत तो आहे. आपल्या बेसॉल्टच्या काळ्या मुलखात बहुतेक ठिकाणी गाळच येणार. ज्या नदीत गाळ आणि वाळू मिसळून येते तिथे भिंत एकदम पूर्ण उंचीची घालत नाहीत. आधी हात-दोन हात, ती वाळूने भरली की पुढच्या वर्षी आणखी थोडी. भिंत एकदम उंच केली की पाणी मागे थबकतं आणि थबकलेल्या पाण्यात गाळ खाली बसतो. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, फोरमनच्या मामाने सांगितलं. (म्हणजे आईने.) त्यांचा पहिला बंधारा घाईत पुरा केल्यामुळे निम्मा चिखलाने भरलाय. तो त्या पाहुण्यांना दाखवत नाहीत, मला दाखवला.

तालींचं: त्या पद्धतीचं स्वाहिली नाव 'फान्या जू', 'वर टाक'. समपातळीवर चर खणायचा आणि माती चढाच्या बाजूला टाकून बांध घालायचा. वरच्या शेतातली माती वाहत येऊन त्या बांधाला अडते आणि काही वर्षांत शेत आपोआप सपाट होतं. म्हणजे तुम्ही फक्त बांध घालता, पायरी पाऊस करतो. माती वर फेकायला कष्ट जास्त, पण जेसीबी लावून पायऱ्या कोरायची गरज नाही. बांधावर 'गजराज'सारखं चाऱ्याचं गवत लावतात, ते गुरांना.

शेवगा

मी यवतमाळकडे बचत गटांची सहयोगिनी होते, अकरा वर्षं. लेख छान आहे, पण एक विचारू का? "दगड, वाळू, पाणी, मजुरी गावाची" असं एका ओळीत लिहून तुम्ही पुढे गेलात. गावाची म्हणजे कुणाची?

आमच्याकडे श्रमदानाच्या फोटोत सरपंच पहिल्या ओळीत असायचे आणि टोपली बायांच्या डोक्यावर. ज्यांच्या शेताला बंधाऱ्याचा फायदा होता ते बांधावर उभं राहून 'चला चला' म्हणत. ज्या भूमिहीन बाया दगड वाहायच्या त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडायचा. त्याला श्रमदान म्हणतात. दान गरिबाने करायचं, असा हा धर्म आहे.

मुक्काम_नैरोबी

शेवगाताई, खरं लिहितो. मी पाहिलं तेव्हा कामावर तीनचार म्हातारे सोडले तर सगळ्या बायकाच होत्या. पुरुष नैरोबीत, मोंबासात. त्यातले काही माझ्याच साइटवर. हजेरीची वही होती, न येणाऱ्याला दंड होता, किंवा त्याने बदली माणूस पाठवायचा. नदीकाठी जमीन नसलेल्या पाचजणींना भाजीसाठी वाफे मिळाले, ते गटाने आधी भांडून ठरवून घेतलं होतं म्हणून. आपोआप मिळाले नसते. आणि ते कागदावर नाहीत, तोंडी आहेत. जमिनीचा मालक उद्या फिरला तर काय, या प्रश्नावर त्या गप्प बसल्या.

पासबुक

ग्रामीण शाखांत तीस वर्षं काढून निवृत्त झालो. धाग्यात गट आला म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचक.

आपल्याकडे नाबार्डने १९९२ मध्ये बचत गट बँकांना जोडायला सुरुवात केली, ती पाचशे गटांपासून. त्याच्या एक वर्ष आधी, १९९१ मध्ये, नायजर देशातल्या मराडी भागात केअर या संस्थेने बायकांचे बचतीचे गट सुरू केले होते. हौसा भाषेत नाव 'माता मासु दुबारा'. आपल्या कानाला देवीचं नाव वाटतं, पण हौसात माता म्हणजे बायका, आणि अर्थ साधारण 'हिकमती बायका' असा. तिथून ही पद्धत पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यांत पसरली.

पंधरा ते पंचवीस जणी. दर बैठकीला प्रत्येकीने एक ते पाच 'भाग' घ्यायचे, भागाची किंमत गट ठरवणार. पासबुकात तेवढे शिक्के. अक्षर यावं लागत नाही, शिक्के मोजता आले की पुरे. कर्ज बचतीच्या तिपटीपर्यंत. आजारपण, मयत यांच्यासाठी वेगळी छोटी थैली, तिला हात लावायचे नियम वेगळे. पैसा लोखंडी पेटीत, पेटीला तीन कुलपं, तीन किल्ल्या तीन घरी, पेटी चौथीकडे. पेटी फक्त सगळ्यांसमोर उघडते. बैठक संपताना शिल्लक किती ते मोठ्याने म्हणायचं, पुढच्या बैठकीत पेटी उघडण्याआधी तोच आकडा सगळ्यांनी म्हणायचा. लेखापरीक्षण झालं!

आणि वर्षाअखेर पेटी फोडतात. आपली भिशी फुटते तशी. व्याजासकट सगळं ज्याच्या त्याच्या भागांप्रमाणे वाटून टाकायचं आणि शून्यातून पुन्हा सुरुवात. ही गोष्ट मला फार हुशारीची वाटते. मी अशा गटांची खाती पाहिली आहेत जिथे आठ आठ वर्षांचा हिशोब साठला होता, अध्यक्षबाई आणि सचिवबाई एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि बाकीच्यांना आपले नेमके किती आहेत हे माहीत नव्हतं. दरवर्षी शून्यावर येणाऱ्या हिशोबात घोटाळ्याला मोठं व्हायला सवडच मिळत नाही. शिवाय वाटप पेरणीच्या किंवा शाळेच्या फीच्या तोंडावर येईल असं ठरवतात.

तोटाही आहे. भांडवल कधी साचत नाही. शेळी येते, शिलाई मशीन येतं, पण पिठाची गिरणी घ्यायची तर पेटी तोकडी पडते. तिथे बँक हवीच. (हे माझं जुनं खातं बोलतंय असं समजा.)

कडू_कारलं

सगळ्यांचं चाललंय छान, मी माझ्या नावाला जागतो.

लोकसहभाग म्हणजे रामबाण असं जे वातावरण झालंय ते जरा तपासू. सिएरा लिओनमध्ये यादवी युद्धानंतर 'गोबिफो' नावाचा कार्यक्रम झाला, क्रिओ भाषेत 'पुढे चला'. गावाला साधारण पाच हजार डॉलर, सोबत सल्लागार, अट अशी की निर्णयात बायका आणि तरुण असायला हवेत. २३६ गावं घेतली, निम्म्यांना चिठ्ठी टाकून कार्यक्रम दिला, निम्म्यांना नाही. चार वर्षांनी पाहिलं. संडास झाले, धान्य वाळवायची खळी झाली, पैसा बऱ्यापैकी नीट वापरला गेला, थोडा व्यापारही वाढला. पण कार्यक्रमाबाहेरचा प्रश्न आला की निर्णय पुन्हा तेच म्हातारे पुरुष घेत होते. बायकांचं बोलणं काडीने वाढलं नव्हतं. शेवगाताईंचा फोटो डोळ्यांसमोर आणा.

पासबुककाकांच्या पेटीचाही अभ्यास झालाय. घाना, मलावी, युगांडा. २०१७ मध्ये निष्कर्ष आले: बचत वाढली, कर्ज मिळणं सोपं झालं, छोटे धंदे थोडे वाढले, घरात बाईचा शब्द थोडा वजनदार झाला. घरखर्चात, खाण्यापिण्यात, सरासरी फरक दिसला नाही. म्हणजे वाईट नाही, पण गरिबी हटली असंही नाही.

आणि केनियातच सियाया भागात लोकांना सरळ पैसे देऊन पाहिले. घरटी साधारण हजार डॉलर, ना बैठक, ना हजेरी, ना दंड. ज्यांना मिळाले त्यांचं बरं झालंच, पण ज्यांना मिळाले नाहीत त्या शेजाऱ्यांचंही उत्पन्न वाढलं, कारण पैसा गावातल्याच दुकानात, गवंड्याकडे, बाजारात फिरला. एका डॉलरमागे स्थानिक अर्थव्यवस्थेत अडीचच्या आसपास. मग प्रश्न असा की गरिबाला गट करायला, दगड वाहायला, दर मंगळवारी झाडाखाली बसायला लावणं ही आपली हौस तर नाही?

आता तुम्ही म्हणाल की वरून लादलेलं त्याहून वाईट. मान्य. तुर्काना सरोवराकाठी नॉर्वेने मासळी गोठवायचा कारखाना बांधला होता, गुरं राखणाऱ्या लोकांसाठी. तिथल्या उन्हात गोठवणं परवडेना, काही दिवस चालला आणि पडला. टांगानिकात (आजच्या टांझानियात) १९४७ ला इंग्रजांनी भुईमुगाची प्रचंड योजना काढली, ट्रॅक्टर आणले, जमीन उन्हात विटेसारखी झाली, १९५१ ला गाशा गुंडाळला. ही उदाहरणं मलाही पाठ आहेत.

चहाटळ

दक्षिण आफ्रिकेतला तो मुलांच्या चक्राचा पंप विसरलात. मुलांनी गोल गोल फिरायचं, पाणी टाकीत चढणार, मोठमोठ्या लोकांनी पैसे दिले. मुलं थकली की आज्या चक्र ढकलायच्या. जुना हातपंप उपटूनच तो बसवला होता म्हणे बऱ्याच ठिकाणी.

पासबुक

कारलेसाहेब, एकच मुद्दा. हजार डॉलर एकदा मिळतात. बंधारा कुणी एकट्याने हजार डॉलरमध्ये घालू शकत नाही, तिथे माणसं एकत्र यावीच लागतात. पैसे द्या, जरूर द्या. पण नदी वैयक्तिक खात्यात जमा करता येत नाही.

कडू_कारलं

हे मान्य. टाळी.

साहेलचा_वारा

मराडीचं नाव वाचलं आणि राहवलं नाही. पाणीपुरवठ्याच्या कामावर तीन वर्षं नायजरमध्ये होतो, त्यातली दीड मराडीत. तिथली झाडांची गोष्ट सांगतो, कारण कारल्यांच्या प्रश्नाला तिथे वेगळं उत्तर मिळतं.

१९८० च्या सुरुवातीला टोनी रिनॉडो नावाचा ऑस्ट्रेलियन तिथे मिशनतर्फे झाडं लावत होता. लावायची आणि मरायची. १९८३ मध्ये एकदा वाळूत गाडी चालावी म्हणून चाकांची हवा कमी करायला उतरला असताना त्याचं लक्ष आजूबाजूच्या झुडपांकडे गेलं. ती झुडपं नव्हतीच, तोडलेल्या झाडांचे फुटवे होते. दरवर्षी शेतकरी पेरणीआधी ते साफ करायचे, जाळायचे. खाली मुळांचं जंगल जिवंत होतं. मग रोपं बंद. फुटव्यांतले चारपाच जोमदार ठेवायचे, बाकी छाटायचे, गुरांपासून राखायचे. खर्च जवळपास शून्य. आज दक्षिण नायजरमध्ये साधारण ५० लाख हेक्टरांवर अशी शेतातली झाडं उभी आहेत, अंदाजे २० कोटी. बराचसा भाग कुठल्याही प्रकल्पात नव्हता. एकाचं पाहून दुसऱ्याने केलं, आणि हे पसरलंय हे जगाला उपग्रहाच्या चित्रांवरून नंतर कळलं.

पण हे आधी का होत नव्हतं? शेतकरी अडाणी होता म्हणून नव्हे. फ्रेंचांच्या काळापासूनच्या कायद्याने शेतातलं झाडही सरकारचं होतं. फांदी तोडली तर वनखात्याचा दंड. मग शहाणा माणूस काय करेल? रोप बोटाएवढं असतानाच उपटून टाकेल. कटकट नको. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून वनखात्याने हात सैल केला, शेतातल्या झाडाची फांदी शेतकऱ्याला विकता येऊ लागली, आणि झाडं वाढली. माझ्या मते त्या मुलखात सगळ्यात मोठं विकासकार्य म्हणजे वनरक्षक घरी बसला.

शेजारच्या बुर्किना फासोत याकूबा सावाडोगो होते, वाहिगुयाजवळच्या गुर्गा गावचे, २०२३ मध्ये वारले. दगडासारख्या झालेल्या जमिनीत उन्हाळ्यात वीतभर खोल खड्डे घ्यायचे, शेणखत टाकायचं. त्याला 'झाई' म्हणतात, रीत जुनीच. त्यांनी खड्डे मोठे केले आणि खत पावसाआधीच भरलं. खताला वाळवी येते, वाळवी जमीन पोखरते, पहिला पाऊस थेट आत. लोकांनी वेडा म्हटलं, त्यांचं रान पेटवून दिलं. २०१८ मध्ये स्वीडनचा राइट लाइव्हलीहूड पुरस्कार रिनॉडो आणि त्यांना एकाच वर्षी मिळाला. तोवर त्यांच्या जंगलावरून शहराची वाढ हद्द आखत आली होती, आणि ती जमीन आपलीच राहील याची त्यांना खात्री नव्हती. शेवगाताईंच्या वाफ्यांसारखंच.

माणदेशी

झाडं शेतात? बांधावरच्या बाभळीखाली आमची ज्वारी चार ओळी पिवळी पडती. सावलीनं.

साहेलचा_वारा

तिथलं मुख्य झाड गाओ, बाभळीच्याच गणगोतातलं. त्याची गंमत अशी की ते पावसाळ्यात पानं टाकतं आणि उन्हाळ्यात हिरवं होतं. पीक उभं असताना सावली नाही, वर पालापाचोळ्याचं खत. शेंगा गुरांना. देवाने शेतकऱ्याला विचारून बनवलेलं एकमेव झाड असावं.

उदगीरकर

मी तुरीसाठी आलोय. डाळ मिल आणि थोडी शेती, दोन्ही.

मुक्कामराव, तुम्ही "हो, तूर!" म्हणून उडी मारलीत, पण तिथून पुढेच खरी कथा आहे. तुमच्या त्या मामाच्या तालीवरच्या तुरीचा भाव तिच्या गटात ठरत नाही, काउंटीत ठरत नाही, नैरोबीतही पुरता ठरत नाही. पूर्व आफ्रिकेतली निर्यातीची बहुतेक तूर भारतातच येते. आमच्या बाजारात तिची नावंसुद्धा पडलेली आहेत: अरुशा, मटवारा, गजरी. ऑगस्ट-सप्टेंबरपासून बंदरात लागते, आमचा नवा माल डिसेंबर-जानेवारीत येईपर्यंत मिलला तोच आधार.

२०१५ आठवा. दिवाळीच्या सुमारास तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली. सरकार घाबरलं. जुलै २०१६ मध्ये मोझांबिकशी करार केला, लाखभर टनांपासून सुरुवात करून दोन लाख टनांपर्यंत तूर घेऊ म्हणून. तिकडच्या शेतकऱ्याला निरोप गेला, पेरा. इकडे आम्हालाही तोच निरोप होता. पाऊस चांगला झाला, तूर अमाप आली. हमीभाव बोनस धरून ५,०५० रुपये क्विंटल, बाजारात चार हजारांच्या खाली. खरेदी केंद्रावर बारदाना नाही म्हणून ट्रॅक्टर रांगेत. मी स्वतः दोन रात्री ट्रॉलीवर झोपलोय. मग ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारने आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. आमच्यासाठी ते उशिरा आलेलं पाऊल होतं. टांझानिया, मलावी, मोझांबिकमधल्या शेतकऱ्याला मात्र त्याच्या काढणीच्या हंगामात गिऱ्हाईकच गेलं. भाव कोसळले. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली झाली, आता आम्ही ओरडतोय.

म्हणजे बघा, बंधारा घातला, ताली घातल्या, पेटीतून बियाणं घेतलं, सगळं गावाने गावाच्या हिमतीवर केलं, आणि दिल्लीत एका कागदावर सही झाली. मी त्या मर्यादेच्या बाजूने होतो, आजही आहे. पण तिकडच्या माणसाचा चेहरा कधी डोळ्यांसमोर आला नव्हता. आज तुमच्या लेखामुळे आला, म्हणून जरा अस्वस्थ आहे.

शेवगा

उदगीरकर, हे माहीतच नव्हतं. आमच्या गटातल्या बाया तूर सोंगून मजुरी घेतात. दोन्हीकडे बायाच.

माणदेशी

अजून एक राहिलंच. एवढी वाळू नदीत साठवून ठेवली तर ती तिथं राहती कशी? आमच्या नदीत वाळू बसायच्या आत डंपर हजर. रात्री दिवे बंद करून येतात. आमच्या गावात बोलायला गेलेल्या पोराचा हात मोडला होता. तिकडं वाळूचोर नाहीत व्हय?

मुक्काम_नैरोबी

हा प्रश्न कुणी विचारू नये असं वाटत होतं.

आहेत. नैरोबीच्या सगळ्या उंच इमारतींची वाळू मुख्यतः माचाकोस-माकुएनीच्या नद्यांतूनच येते. अख्ख्या नद्या खडकापर्यंत खरवडल्या गेल्या आहेत, त्यावरून मारामाऱ्या झाल्या, माणसं मेली. माकुएनीने २०१५ मध्ये वाळू उपशाला लगाम घालणारा स्वतःचा कायदा केला, त्यासाठी प्राधिकरण नेमलं. बंधाऱ्याजवळून उपसा करता येत नाही. पण रात्री तिथेही ट्रकचे दिवे बंदच असतात.

आणि मी साइट इंजिनिअर आहे. वाळूचा ट्रक आला की मी ती मुठीत घेऊन पाहतो, गाळ किती, जाडी किती, चिठ्ठीवर सही करतो. चांगली वाळू आली की खूश होतो. कुठून आली हे चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, पण लिहिलेलं खरं असतं की नाही हे सहा वर्षांत एकदाही विचारलं नाही. पहिल्यांदा गावाला गेलो तेव्हा बंधाऱ्यामागची वाळू सवयीने मुठीत घेतली आणि तोंडातून निघून गेलं, "एक नंबर माल आहे." फोरमन हसला. त्याची आई हसली नाही. तिला इंग्रजी येत नाही, पण माझा हात तिने पाहिला होता.

त्यांच्या गटाने रात्रीची राखण लावली आहे. पाळीपाळीने दोघी, टॉर्च आणि शिट्टी. शिट्टी वाजली की वरच्या वाड्यांतली माणसं रस्त्यावर दगड टाकतात. आतापर्यंत दोनदा वाजली आहे.

परत आल्यावर मी पुरवठादाराला चिठ्ठीबद्दल विचारलं. त्याने चहा मागवला आणि विषय बदलला. तिसऱ्यांदा विचारल्यावर आता तो आमच्या साइटवर दगड फोडून केलेली कृत्रिम वाळू देतो. ती महाग आहे, म्हणून वरून मला शिव्या बसतात. बाकीच्या साइट्सचं मला माहीत आहे, ते इथे लिहीत नाही.

माणदेशी

शिट्टीचं ध्यानात ठेवतो.

चहाटळ

अवांतर: म्बाझी खातात कशी? वरण करतात का?

मुक्काम_नैरोबी

किनाऱ्याकडे नारळाच्या दुधात शिजवतात, मंदाझी म्हणजे गोडसर पुरीसारखा प्रकार असतो त्याच्याबरोबर नाश्त्याला. उकांबानीत मक्याच्या दाण्यांबरोबर अख्खी उकडतात, कोवळी असताना हिरवे दाणेही. डाळ कुणी करत नाही. मी एकदा त्यांच्या चुलीवर फोडणीचं वरण करून घातलं. मामा म्हणाली, चव आहे, पण एवढी चांगली तूर फोडून तिचं पाणी का केलं?

उदगीरकर, तुमचा प्रतिसाद मी फोरमनला स्वाहिलीत सांगितला, त्याने घरी फोनवर सांगितला. काल तिचा निरोप आला. गटाच्या बैठका मंगळवारी असतात, तर दर सोमवारी लातूरचा तुरीचा भाव कळवायचा. शिलिंगमध्ये. तुमचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

उदगीरकर

केला. सोमवारी सौदा निघाला की बाराच्या आत पाठवतो. त्यांना सांगा, आर्द्रता दहाच्या खाली असेल तर भाव वेगळा, तेवढी नीट वाळवा म्हणावं.